इतर हक्कातील वाट

गेल्या मे महिन्यात माहेरी गेले असता जेवणानंतर दादाने माझ्यापुढे एक टंकलिखित कागद ठेवला आणि पेन्सिलीने खूण केलेल्या जागी सही करण्यास सांगितले. कागद दीड पानी होता. त्यातील मुख्य वाक्याचा आशय असा, की आमच्या परड्यातून शेजाऱ्यांच्या बागेत जाणारी कोणतीही वहिवाट अस्तित्वात नाही. पूर्वी कधी असलीच तर ती वीस वर्षांहून अधिक काळ वापरात नसल्याने संपुष्टात आली आहे, आणि हे आम्हां सर्व सहहिस्सेदारांस मान्य आहे. मराठीच्या अध्यापकाला असलेल्या वाईट खोडीप्रमाणे मी आधी वाक्यरचनेकडे पाहिले. एकच गोष्ट कधी नव्हती असेही म्हणायचे आणि ती होती व मेली असेही म्हणायचे, ही कसरत फक्त दस्तऐवजांच्या भाषेलाच साधते. सही मी केली नाही. ‘वाचून सांगते’ म्हणाले. त्यावर दादा म्हणाला, ‘त्यात वाचायचं काय आहे?’ प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे म्हणता येईल.

आमचे घर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. घरामागे परडे, परड्याच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा, गडग्याला एक खिंडार आणि त्या खिंडारात आडव्या बांबूंचे बेडे. बेड्यापलीकडे शेजाऱ्यांची काजूची बाग. बागेतून तिरकी उतरत जाणारी वाट तीन घरांच्या सामाईक विहिरीपाशी पोचे. तेथून व्हाळावरच्या साकवावरून पुढे शाळा आणि देऊळ. आजोबांच्या आधीपासून ही वाट चालू होती. आई दिवसातून चार-पाच वेळा पाण्यासाठी या वाटेने जात असे. आम्ही भावंडे शाळेत याच वाटेने गेलो. नव्वदच्या दशकात घरासमोरून डांबरी रस्ता झाला, पाठोपाठ नळ आला, आणि वाटेवरची पावले कमी होत गेली. आज बेड्याच्या अलीकडे व पलीकडे घाणेरी माजली आहे. ठाऊक नसलेल्या माणसाला तेथे कधी वाट होती हे सांगूनही पटणार नाही.

मराठीत वाट ‘मळते’ आणि वाट ‘बुजते’. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. रस्ता कोणीतरी बांधतो, कोणीतरी बंद करतो. वाट मात्र आपोआप मळते आणि आपोआप बुजते, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. ‘वहिवाट’ या शब्दाचेही तसेच. व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात ‘वाट’ ऐकू येतेच, आणि महसुली व्यवहारात हा शब्द जमिनीच्या प्रत्यक्ष उपभोगासाठी वापरला जात असल्याने, चालत राहणे आणि हक्क असणे या दोन गोष्टी भाषेनेच एकमेकींना बांधून टाकल्या आहेत. जो चालतो त्याची वाट. मग जो चालायचे थांबला त्याचे काय?

भाषेने मोकळा सोडलेला हा प्रश्न कायद्याने आकड्यात बंदिस्त केला. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा (बोलताना आपण ‘वहिवाटीचा हक्क’ म्हणतो, ‘सुविधाधिकार’ हे शासकीय परिभाषेचे अपत्य) १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. त्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काच्या भावनेने वीस वर्षे चालत राहिले, की त्या वाटेवर हक्क निर्माण होतो. आणि कलम ४७ सांगते, की सलग वीस वर्षे कोणी त्या वाटेने गेले नाही, की हक्क संपतो. जन्मालाही वीस वर्षे, मरणालाही वीस. सममिती देखणी आहे. परंतु या सममितीत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी, की न चालण्याचे कारण विचारण्याची गरज नाही.

सर्वत्र असे नाही. विशेष म्हणजे ज्यांनी हा कायदा आपल्याला दिला त्या इंग्रजांच्या स्वतःच्या देशात असे नाही. तेथील न्यायालये मानतात, की केवळ वापर थांबला म्हणून वाटेचा हक्क बुडत नाही. हक्क कायमचा सोडून देण्याचा हेतू दिसला पाहिजे. १९९२ साली ‘बेन विरुद्ध हार्डिंज’ या प्रकरणात तेथील अपील न्यायालयापुढे अशी एक वाट आली, जिच्यावरून तब्बल १७५ वर्षे कोणी गेले नव्हते. दुसरी सोयीची वाट उपलब्ध होती, म्हणून कोणाला जावे लागले नाही, एवढेच. न्यायालयाने हक्क शाबूत असल्याचे ठरवले. मला ही इंग्रजी व्यवस्था सर्वस्वी पसंत आहे असे नाही. पावणेदोनशे वर्षांनंतर अचानक कोणी येऊन तुमच्या अंगणातून वाट मागावी, यात दुसऱ्या बाजूवर अन्याय आहेच. परंतु तिच्यात एक वाचकवृत्ती आहे. ती मौनाला अर्थ लावून पाहते. आपला कायदा मौन मोजतो.

आणि मौनाचा अर्थ लावणे हे तर आपले, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांचे, रोजचे काम. या बाबतीत आपण काय केले, हे तपासू जाता मला फारसे समाधान वाटत नाही. आपल्या ललित गद्यात पायवाट अमाप आहे. ती वळणावळणाची असते, लाल मातीची असते, पावसाळ्यात हिरवी होते, आणि लेखकाला हमखास बालपणाकडे घेऊन जाते. मात्र आपल्या ललित निबंधातील पायवाटेला जमीनमालक नसतो. ती कोणाच्या बागेतून जाते, त्या माणसाने दर वर्षी बेड्याचे बांबू बदलले की नाही, वाटेवरच्या काजूच्या बोंडांना किती हात लागले आणि त्याने ते कसे सोसले, याचा उल्लेखही होत नाही. चालणारा तेवढा लिहितो. ज्याच्या जमिनीवरून चालले तो कधी लिहीत नाही. ‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तर पायी चालत गावात येतो, पण तो माणदेशचा मोकळा माळ आहे, तेथे वाटेला कुंपण नाही, त्यामुळे शेजाऱ्याची परवानगीही नाही. कोकणचे तसे नाही. कोकणात गडगा आधी, वाट नंतर. इंग्रजीच्या अभ्यासक्रमामुळे रॉबर्ट फ्रॉस्टची ‘मेंडिंग वॉल’ (१९१४) आपल्या बहुतेकांच्या परिचयाची. दोन शेजारी दर वसंतात मधली भिंत दुरुस्त करतात आणि त्यातील एकाला भिंतीची गरजच समजत नाही. ती शिकवताना मला नेहमी वाटते, की आमच्याकडे हा प्रश्न अशा रूपात उभाच राहिला नसता. आमच्या गडग्याला बेडे असते. भिंत हवी की नको, या वादात न पडता भिंत ठेवून तिच्यात ये-जा ठेवण्याची युक्ती कोणा अनामिक शेतकऱ्याने केव्हाच काढलेली आहे.

तेव्हा आधी शेजाऱ्यांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण दादाच्या कागदामागे त्यांचा आग्रह होता आणि तो आग्रह निराधार नव्हता.

आम्ही त्यांना काका म्हणतो. वय ऐंशीच्या घरात. दोन वर्षांपूर्वी दादाने परड्याचा भाग विकायला काढला. गिऱ्हाईक आले, त्याने विचारले की मागच्या बाजूने गाडी येईल का, आणि दादा उत्साहाच्या भरात म्हणाला, ‘आमची जुनी वहिवाट आहे, बारा फुटी रस्ता होऊ शकेल.’ ही गोष्ट संध्याकाळपर्यंत काकांच्या कानावर गेली. आईच्या डोक्यावरच्या घागरीला पुरेल एवढी ती वाट, तिचा एका दुपारीत बारा फुटी रस्ता झाला. कायद्याने हे होऊ शकत नाही. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही, असे त्याच कायद्यात स्वच्छ लिहिले आहे. पायवाटेचा हक्क असलेल्याला गाडी नेता येत नाही. हा विवेक फार जुना आहे. रोमन कायद्यात पायी जाण्याची ‘इतेर’, जनावरे हाकण्याची ‘आक्तुस’ आणि सर्व प्रकारच्या रहदारीची ‘विया’ असे निरनिराळे हक्क होते, आणि ‘विया’ची रुंदी सरळ भागात आठ व वळणावर सोळा फूट असावी, असे बारा पाट्यांच्या कायद्यात नमूद होते. गाडीला वळायला जास्त जागा लागते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मोजून ठरवले होते. आमच्याकडेही पायवाट, गुरांची वाट, गाडीवाट हे शब्द वेगळे आहेत आणि प्रत्येकाबरोबर वेगळी मर्यादा येते. दादाने ती मर्यादा बोलण्यात ओलांडली. काकांनी घाबरून बेड्याच्या जागी चिरे आणून टाकले आणि मोजणीच्या वेळी हद्दीवर सही करणार नाही असे कळवले. मग तडजोड झाली ती अशी: आम्ही वाट नसल्याचे लिहून द्यायचे, त्यांनी मोजणीला हरकत घ्यायची नाही. दोन्ही पक्ष समाधानी. वाट तेवढी गेली, आणि ती नाहीतरी कोणाला हवी होती?

या ठिकाणी कायद्याच्या रचनेतील एका विसंगतीकडे यावे लागते. वीस वर्षांच्या चालण्याने हक्क मिळतो, पण ते चालणे हक्काच्या भावनेने केलेले असले पाहिजे. शेजाऱ्याच्या परवानगीने कितीही वर्षे चालला, तरी तो परवाना ठरतो आणि परवाना केव्हाही काढून घेता येतो. परिणामी शेजारधर्म दोन्हीकडून धोक्याचा होतो. जमीनमालकाने उदारपणे काही न बोलता जाऊ दिले, तर वीस वर्षांनी त्याची जमीन बांधली जाते. चालणाऱ्याने नम्रपणे विचारून पाय टाकला, तर त्याचा हक्क कधी जन्मतच नाही. मला आठवते, बेडे ओलांडताना आम्ही मुलेसुद्धा हाक देत असू, ‘काका, येतंव हां!’ ती हाक म्हणजे परवानगीची विनंती होती काय? आमच्या लेखी ती केवळ रीत होती. कोणाच्या खळ्यात पाय टाकताना आवाज द्यायचा, विशेषतः दुपारच्या वेळी, हे आम्हांला शिकवलेले होते. परंतु पुढे ज्या वकिलांकडे मी गेले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: ‘तुम्ही विचारून जात होता की न विचारता?’ मी म्हणाले, ‘हाक मारून.’ त्यांनी ते लिहून घेतले नाही.

भाषेतील एक साधा उद्गार, ज्यात हक्क आणि आदर एकाच वेळी सामावलेले होते, त्याला न्यायव्यवहारात जागाच नाही. त्याचे एक तर विनंतीत रूपांतर करायचे किंवा दाव्यात. मला वाटते, शेजाऱ्यांमधील वाटा बुजण्याचे हे डांबरी रस्त्याइतकेच महत्त्वाचे कारण आहे. ज्यांनी कायदा थोडाफार ऐकला आहे ते आपली बाग वाचवण्यासाठी बेडे बंद करतात, आणि ज्यांनी तो अर्धवट वाचला आहे ते जुन्या पायवाटांचे बारा फुटी रस्ते करू पाहतात.

तरीही मी येथे थांबले, तर हा लेखही त्याच गोड पायवाटांच्या साहित्यात जमा होईल. ‘पूर्वी सर्वांना मोकळी वाट होती’ हे वाक्य मी वर लिहिण्याच्या बेतात होते आणि खोडले. सर्वांना नव्हती. आमच्या त्या काजूच्या बागेतून गावातील एक वाडी जात नसे. ती माणसे व्हाळाच्या खालच्या अंगाने, लांबच्या वळशाने शाळेकडे येत. त्यांना कोणी अडवल्याचे मी पाहिले नाही. ती येतच नसत. माझ्या लहानपणी मला तो त्यांचा मार्ग वाटे, जणू प्रत्येक वाडीची आपापली आवड असते.

न चालणे म्हणजे हक्क नसणे, हा युक्तिवाद आपल्या सामाजिक इतिहासात प्रत्यक्ष न्यायालयापुढे केला गेलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतले, त्यानंतर सवर्ण वादींनी दावा लावला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव असल्याची प्रथा अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अस्पृश्यांनी ते तळे कधी वापरलेच नाही, हा त्यांचा पुरावा. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय वादींच्या विरुद्ध दिला. अशी अनादि प्रथा सिद्ध झालेली नाही, असे ठरले. तळ्याचा प्रश्न आणि दोन शेजाऱ्यांमधील पायवाटेचा प्रश्न यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एक माणुसकीचा, दुसरा फार तर सोयीचा. परंतु त्या खटल्यातून वाचनाची एक रीत शिकण्यासारखी आहे. ‘कोणी वापरले नाही’ या विधानामागे ‘कोणाला वापरू दिले नाही’ हे विधान दडलेले असू शकते, आणि ते पाहिल्याशिवाय अवापराचा निवाडा करता येत नाही. आपल्या दलित आत्मकथनांनी हे फार आधी सांगितले. ‘बलुतं’ (१९७८) आल्यानंतरही आपला ललित निबंध गावच्या वाटा सर्वांच्या होत्या असेच लिहीत राहिला, ही आपल्या वाचनाची मर्यादा म्हणावी लागेल.

हीच रीत माझ्या घराला लावून पाहिली तेव्हा मला दादाच्या कागदातील खरी गंमत कळली.

वीस वर्षे कोणी चालले नाही, असे त्यात म्हटले होते. दादाने मोजलेली वर्षे त्याची स्वतःची होती. तो शेवटचा त्या वाटेने गेला तो बहुधा २००१ साली. त्याच्या मोजणीत आई नव्हती. नळाला पाणी येत नसे त्या उन्हाळ्यांत ती २००९ पर्यंत, म्हणजे अगदी आजारी पडेपर्यंत, विहिरीवर जात होती. बागेत कामाला येणाऱ्या आणि आमच्या घरी पेजेला थांबणाऱ्या बाया त्याच वाटेने येत, त्याही नव्हत्या. आणि मीही नव्हते. २०१६ च्या डिसेंबरात देवळाच्या जत्रेला मी मुलीला घेऊन मुद्दाम त्या वाटेने गेले होते. घाणेरीतून कसेबसे बेडे गाठले, मुलीची ओढणी काट्याला अडकून फाटली, काकांनी बागेत बसवून चहा पाजला, आणि साकवावरून आम्ही देवळात पोचलो. दशावताराची सुरुवात चुकली होती. मी हे दादाला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘तू पाहुणी म्हणून गेलीस. ते काय चालणं झालं?’

कलम ४७ मध्येच एक अपवाद आहे. ज्या जमिनीसाठी वाट आहे ती एकाहून अधिक सहमालकांची असेल आणि त्यांपैकी कोणीही एकजण वीस वर्षांच्या आत त्या वाटेने गेलेला असेल, तर हक्क संपत नाही. वडिलांच्या पश्चात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आम्ही दोघी बहिणीही वारस आहोत. म्हणजे जत्रेच्या त्या संध्याकाळी, फाटलेल्या ओढणीसह, मी माझ्या नकळत संपूर्ण घराचा हक्क पुढे नेला होता. वकिलांनी हे सांगितले तेव्हा मला आनंद होण्याऐवजी थोडी लाजच वाटली. माझे चालणे मीसुद्धा मोजलेले नव्हते.

आता सातबारा. आमच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून दादाचे नाव आहे. आम्हां बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात आहेत. महाराष्ट्रातील असंख्य घरांत हेच आढळेल. मुलींची नावे लावली असे म्हणता येते आणि लावली नाहीत असेही. योगायोग असा, की वाटांची जागाही तोच रकाना. २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करण्याचे आदेश काढले. आदेश चांगला आहे. बांधावरून वाट न मिळाल्याने ज्यांचा ऊस शेतात वाळतो त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे, आणि तहसीलदारांकडे बांधावरील वाटेसाठी अर्ज करण्याची १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील तरतूद आहेच. परंतु हे सारे शेतात जाण्यासाठी वाट लागणाऱ्यांबद्दल आहे. आमच्या वाटेची कोणालाही निकड नाही. गावनकाशावर गावाचा पायमार्ग तुटक रेषेने का होईना दाखवलेला असतो. दोन घरांमधली वाट तेथेही नसते. गरज सरली की गरजेपोटी मिळालेला हक्कही सरतो, असे कायदा म्हणतो. तेव्हा ज्या वाटेची गरज नाही, जिचा उपयोग नाही, जिच्यामुळे जमिनीची किंमत वाढायची तर फक्त खोटे बोलून वाढते, ती का राखावी?

माझे उत्तर भावनेचे नाही, निदान केवळ भावनेचे नाही. गरज ही कालमापनाची फार आखूड पट्टी आहे. नळ आला तेव्हा विहिरीची गरज संपली असे सर्वांना वाटले, आणि त्यानंतरही कित्येक एप्रिल-मे महिन्यांत आई घागर घेऊन त्याच वाटेने गेली. रस्ता आला म्हणून वाट बंद केली आणि उद्या रस्त्याच्या बाजूने कोणी हरकत घेतली, तर आमच्या पुढच्या पिढीला तहसील कचेरीत उभे राहून जे मागावे लागेल ते आज आमच्या हातात आहे. शिवाय दोन घरांच्या मध्ये एक बेडे उघडे असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मध्यरात्री कोणी आजारी पडले आहे त्याला विचारावे. पुढच्या दाराने वळसा घालून यायला दहा मिनिटे लागतात, मागून दोन.

म्हणून माझे मत असे आहे, की शेजाऱ्यांमधील बुजलेल्या वाटांबाबत आपण ‘वापरा नाहीतर सोडा’ हा न्याय मुकाट्याने मान्य करू नये. कायद्याने यावर एक उपाय ठेवला आहे आणि तो जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. हक्क असलेल्याने वीस वर्षांच्या आत ‘ही वाट राखण्याचा माझा इरादा आहे’ असे घोषणापत्र नोंदणीकृत केले, तर नोंदणीच्या तारखेपासून पुन्हा वीस वर्षे हक्क टिकतो. प्रत्यक्ष चालण्याची आवश्यकता नाही; इरादा लिहून ठेवणे पुरे. १८८२ च्या कोरड्या कलमांत ही एक ओळ मला सापडली तेव्हा मी ती दोनदा वाचली. येथे कायद्याने प्रथमच मान्य केले आहे, की माणूस चालत नसतानाही वाट त्याच्या मनात असू शकते. पण हा उपाय एकट्याने केला तर तो शेजाऱ्याविरुद्ध उगारलेला कागद ठरतो. खरे तर दोघांनी मिळून लिहावे: वाट पायी जाण्यापुरती, रुंदी दोन हात, गाडी नाही, गिऱ्हाईक नाही, बेड्याचे बांबू आलटून-पालटून बदलायचे. अशा कागदाने काकांची बारा फुटांची भीती जाते आणि आमची वाट राहते. शेजारधर्म लिहून ठेवला की तो उरत नाही, असे माझे काही सहकारी म्हणतात. त्यांचे घर सदनिकेत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी असा मसुदा घेऊन काकांकडे गेले. दादाला सांगितले होते. तो आला नाही, पण अडवलेही नाही. मसुदा मी मराठीतच आणि शक्य तितक्या साध्या भाषेत लिहिला होता. काकांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. मग उठून बागेत गेले. बेड्याच्या जागी टाकलेल्या चिऱ्यांपैकी दोन चिरे त्यांनी स्वतः बाजूला सरकवले. तिसरा त्यांना हलेना, तो आम्ही दोघांनी मिळून हलवला. म्हणाले, ‘अगो, हयसून तुझी आवस जाय. तुका कोण आडयता? खुशाल जा. पण लिवन काय मी दिवचंय नाय.’

‘खुशाल जा’ या दोन शब्दांनी माझा हक्क कायद्याच्या दृष्टीने परवान्यात जमा होतो, हे मला त्या क्षणी ठाऊक होते. मी ‘बरं काका’ म्हणाले. नंतर त्या फटीतून वाकून पलीकडे गेले आणि घाणेरी तोडायला कोयता मागितला. दादाचा कागद अजून माझ्या पिशवीत आहे, सहीशिवाय. माझा मसुदाही त्याच पिशवीत आहे.